कोलिसी

सेमिसीच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं ते २०११ साल. लग्न जूनमध्ये टोंगा बेटांवर, कोलोंगा गावी झालं, आणि मुलाच्या आत्याच्या मानाचं गाठोडं समुद्रमार्गे कॅलिफोर्नियाला पोचायला सप्टेंबर उजाडला. ती आत्या म्हणजे लातई. विमानतळाजवळच्या दोन खोल्यांच्या घरात राहणारी, म्हाताऱ्या गोऱ्या बायकांची सेवा करून पोट भरणारी, नवरा पंधरा वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नसलेली लातई.

आम्हा टोंगावाल्यांत लग्न असो की मयत, पहिला मान आत्याचा. बापाची बहीण बापाहूनही मोठी. घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई, केवड्याची पात केसासारखी चिरून विणलेली, जी पुरी व्हायला दोन बायकांचं वर्ष खर्ची पडतं, ती आत्यापुढे अंथरायची. आत्या दूर असेल तर तिच्याकडे पाठवायची. म्हणून त्या दिवशी लातईनं बाहेरच्या खोलीतलं सामान भिंतीला लावलं होतं, फरशी दोनदा पुसली होती, आणि शेजारच्या कालोला मुद्दाम बोलावलं होतं. मानाची चटई एकटीनं उलगडायची नसते, बघायला कोणी तरी लागतं!

दोरी सोडली ती तेलेसियानं. तेलेसिया म्हणजे सेमिसीची धाकटी लेक, वीस वर्षांची. वर्षापूर्वी शिकायला म्हणून आत्याकडे आली होती. वरचा कागद निघाला, त्याखालचा दुसरा कागद निघाला, आणि आतून फरशीवर उलगडली ती बोटभर रुंद पात्यांची, जाडीभरडी, उंबऱ्याशी पाय पुसायला टाकतात तसली चटई...

तेलेसियाचा हात दोरीवरच राहिला. कालोनं एकदा चटईकडे, एकदा लातईकडे पाहिलं आणि ती म्हणाली, गाठोडं बदललं असेल, बंदरावर काय कमी घोळ असतात! पण गाठोड्यावर लातईचं नाव होतं, आणि अक्षर तिच्या भावजयीचं, लाविनियाचं होतं. लातईनं ते नाव बोटानं एकदा पुसल्यासारखं केलं.

"बरी आहे," ती म्हणाली. "सकाळी फरशी फार गार लागते मला."

आणि तिनं ती चटई स्वतः उचलून दाराशी टाकली.

त्या दिवसापासून तिच्या काळजात एक काटा रुतून बसला. आपलं काय चुकलं? लग्नाला जाता आलं नाही म्हणून? की तेलेसियाला इथं बोलावलं म्हणून? कामावर म्हाताऱ्यांचे केस विंचरताना, बसमध्ये, चर्चमध्ये भजनाच्या मधोमध ती तेच चाचपत राही. विचारायची मात्र सोय नव्हती. वयात आलेले भाऊ-बहीण आमच्याकडे एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांसमोर हलका शब्द काढत नाहीत. भाऊ बहिणीला जाब विचारत नाही आणि बहीण भावाकडे तक्रार नेत नाही. बोलायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. चाळीस वर्षं ही मर्यादा त्या दोघांनी मायेनं पाळली होती, आणि आता तीच मर्यादा दोघांमध्ये भिंतीसारखी उभी होती.

खरं तर चूक एका शब्दाएवढी होती.

तेलेसिया निघाली तेव्हा कोलोंगाच्या चर्चमध्ये सेमिसीनं उभं राहून सांगितलं होतं की माझी लेक अमेरिकेत युनिव्हर्सिटीत शिकायला चालली आहे, इंजिनिअर होऊन येईल. गावानं डुकरं कापली, झाडाच्या सालीच्या 'तापा' कापडाचे तागे दिले, डोळे पुसले. इकडे लातईनं चौकशी केली तर युनिव्हर्सिटीचं दार एकदम उघडणारं नव्हतं. इंग्रजीच्या परीक्षेत गुण कमी पडले होते, आणि फी तर समुद्रासारखी. ज्या म्हातारीकडे ती काम करी तिच्या सुनेनं वाट दाखवली. टेकडीवर कम्युनिटी कॉलेज आहे, परदेशी मुलांना तिथं सहज घेतात, वर्ग लहान असतात, मास्तर थांबून शिकवतात. दोन वर्षं तिथं चांगले गुण मिळवले की तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीत उडी, आणि शेवटी पदवी युनिव्हर्सिटीचीच. लातई स्वतः त्या टेकडीवर गेली, ऑफिसातल्या बाईसमोर तासभर बसली, सगळं तीनतीनदा विचारून घेतलं. मग हरखून तिनं लाविनियाला फोन केला आणि म्हणाली, "काम झालं गं, तेलेसियाचं नाव कोलिसीत घातलं!"

कोलिसी! टोंगात कोलिसी म्हणजे पोरंपोरी गणवेश घालून जातात ती शाळा. तेलेसियानं ती सहा वर्षं करून, शेवटच्या वर्षी बक्षीस घेऊन संपवली होती. जी बाई कधी कोलिसीची पायरी चढली नाही, तिला त्या शब्दात उणं काय आहे ते कुठून उमगावं? लातईची शाळा चौथीतच सुटली होती. घरात एकालाच पुढं शिकवण्याची ऐपत होती, आणि ती म्हणाली होती, सेमिसीला पाठवा. दहा वर्षांची पोर आईशेजारी चटया विणायला बसली, आणि त्या चटयांवर सेमिसी कोलिसी शिकून मास्तर झाला. विसरलेली अक्षरं तिला पुढं पन्नाशीत परत आली, इथल्या चर्चमध्ये भजनाच्या पुस्तकावर बोट ठेवून. तिच्या लेखी कोलिसी हा जगातला सगळ्यात मोठा शब्द होता.

सेमिसीनं तो ऐकला आणि त्याचं तोंड उतरलं. गावाला सांगितलं युनिव्हर्सिटी, आणि लेक पुन्हा शाळेत! काव्हा, ते मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला बसलेले पुरुष विचारू लागले, मास्तर, पोरीचा गणवेश निळा की हिरवा? त्यातच अमेरिकेहून गावी आलेल्या कोणीतरी सांगितलं की पोर आत्याचे पाय धुताना दिसली. ते खरंच होतं. लातईच्या पायाला साखरेच्या आजारानं जखम झाली होती, आणि तेलेसिया रोज ती धुवून पट्टी बांधी. पण गावानं त्याचा अर्थ लावला तो असा की भाचीला मोलकरीण करून ठेवली, शाळेचं निमित्त! सेमिसी बहिणीविरुद्ध एक शब्द बोलला नाही. बोलता येतच नव्हतं. तो फोनवर यायचा बंद झाला, आणि लग्नानंतर त्यानं ती चटई पाठवली.

तेलेसियाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आईनं एकदा फोनवर विचारलं होतं, तुमचा गणवेश कसला गं? तिला वाटलं आई थट्टा करते आहे. तीही हसून म्हणाली, जीनची पँट! आणि युनिव्हर्सिटीत नंबर लागेपर्यंत घरी फार बोलायचं नाही असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. न जाणो, गणितात नापास झालो तर?

ती भीती खोटी नव्हती. परदेशी मुलांचा व्हिसा एका आकड्यावर उभा असतो... बारा. दर सत्रात बारा युनिटांचे विषय घ्यायचेच. अकरा झाले की कागद रद्द, आणि कागद रद्द की परत जायचं. तेलेसियाच्या शेवटच्या सत्रात, जे २०१२ च्या जानेवारीत सुरू होऊन मेमध्ये संपणार होतं, गणिताचे पाच, पदार्थविज्ञानाचे चार आणि इंग्रजीचे तीन, असे मोजून बारा होते. वर एकही नाही.

आणि त्याच जानेवारीत लातईनं सांगितलं की तिला सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळचं नवं काम मिळालं आहे, लांबच्या एका धोबीखान्यात. तेलेसियाचं गणित याच तीन दिवशी सकाळी असे. ती पहाटेच टेकडीची बस धरी, त्यामुळे आत्या कधी निघते ते तिला दिसत नसे. दिसे ते एवढंच की त्या तीन दिवशी संध्याकाळी आत्या राखेसारख्या चेहऱ्यानं बसलेली असते, लांब बाह्यांचं जाकीट काढत नाही, आणि ताटातलं लू, ते नारळाच्या दुधात शिजवलेलं मांसाचं पानोळं, जे तिचा जीव की प्राण होतं, ते कालोकडे सरकवते.

मार्चमध्ये एका शुक्रवारी दुपारच्या तासाला पदार्थविज्ञानाचे मास्तर आले नाहीत आणि तेलेसिया लवकर परतली. आत्या खुर्चीत झोपली होती, जाकीट अंगावरून घसरलं होतं. दंडाखाली दोन पट्ट्या, आणि कातडीखाली दोरीसारखी फुगलेली शीर...

तेलेसिया धावत कालोकडे गेली. कालोनं आधी थापा मारल्या, मग डोक्यावरचा भार उतरवावा तसं सगळं सांगून टाकलं. मूत्रपिंडं गेली आहेत. डॉक्टरांनी सप्टेंबरातच रक्त धुणाऱ्या मशीनवर यायला सांगितलं होतं, पण लातई म्हणाली, पोरीची डिसेंबरची परीक्षा होऊ दे. चार महिने तिनं तसेच काढले. आता आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास सुया टोचून पडते, दोन बस बदलून एकटी जाते, एकटी येते. कालो विमानतळाच्या स्वयंपाकघरात सकाळपाळीला असल्यामुळे ती सोबत जाऊ शकत नव्हती. "मी तिला म्हटलं," कालो डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टरनं लू बंद केलं, टारोचे कंद बंद केले, मीठ बंद केलं, मग माणूस जगवतोय तरी कशासाठी? तर म्हणाली, मे महिन्यासाठी."

तेलेसिया त्याच दुपारी टेकडीवर परदेशी मुलांच्या ऑफिसात गेली. तिथली बाई मायाळू होती. तिनं सगळं ऐकलं, पाण्याचा पेला पुढं केला, पण नियम तिच्या हातात नव्हता. विद्यार्थी स्वतः आजारी असला तर विषय कमी करता येतात. आत्याच्या आजाराला तशी सवलत नाही. गणित सोडलं तर सात उरतील. तेलेसियानं विषय सोडायचा कागद तरीही मागून घेतला. घरी येऊन तिनं तो टेबलावर ठेवला आणि सही करायला पेन उघडलं.

लातई जागी झाली होती. तिनं पेन हातातून काढून घेतलं नाही. नुसती समोर बसली.

"सोमवारी कोणाबरोबर जातेस आत्या? बसमध्ये चक्कर आली तर?"

"ड्रायव्हर ओळखीचा झालाय. बसायला पुढची जागा ठेवतो."

"मला चेष्टा नको आत्या! मी परत जाईन टोंगाला. शिकले नाही तर काय मरते का मी?"

लातईनं दंडावरची पट्टी बोटानं नीट बसवली आणि अगदी शांतपणे बोलली.

"तू गणित सोडलंस त्या दिवशी मी मशीन सोडीन. मी धमकी देत नाहीये, बाळ. ज्यासाठी सुया टोचून घ्यायच्या तेच उरलं नाही, तर टोचून घ्यायच्या कशाला?"

तेलेसियानं तिच्या मांडीवर डोकं टाकलं आणि ती हमसून हमसून रडली. लातई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि थोड्या वेळानं, जणू स्वतःशीच, म्हणाली, "सेमिसीला यातलं कळवू नकोस. तो आधीच माझ्यावर रुसलाय. कशासाठी ते देवाला ठाऊक."

रुसलाय... तेलेसियाचे डोळे दाराशी पडलेल्या चटईवर गेले. गणवेश कसला गं, असं आईनं विचारलं होतं. आई हसत नव्हती तेव्हा! एकाएकी तिला सगळं लख्ख दिसलं, आणि स्वतःच्या मौनाची तिला शरम वाटली. तिनं एकदा, फक्त एकदा नीट सांगितलं असतं तर?

तिनं घराबाहेर जाऊन फोन लावला. टोंगात शनिवारची दुपार होती. लाविनियानं नेहमीसारखं सांगितलं की बाबा मळ्यात गेलेत. तेलेसिया म्हणाली, त्यांना सांग, आत्या मरायला टेकली आहे. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा बापाचा श्वास फोनवर ऐकू आला.

"बाबा, मी कुठं शिकते असं वाटतं तुम्हाला?"

"कोलिसीत. तुझ्या आत्याच्याच तोंडचा शब्द आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. इथली कोलिसी म्हणजे युनिव्हर्सिटीचीच पहिली दोन वर्षं, वर्गात जपानची, ब्राझीलची, नेपाळची मुलं, कोणाच्या अंगावर गणवेश नाही. जखमेचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, बारा युनिटांचं सांगितलं. सेमिसीनं मास्तराच्या आवाजात, पण कापऱ्या मास्तराच्या, एवढंच विचारलं की मग आत्यानं तसं उलगडून का सांगितलं नाही.

"तिला काय ठाऊक, बाबा? ती कुठल्या कोलिसीत गेली होती?"

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. काही वेळानं लाविनियानं तो उचलला. ती म्हणाली, ते अंगणात जाऊन बसलेत, उन्हात, टोपीसुद्धा न घालता.

त्यानंतरचे दोन महिने त्या घरानं श्वास रोखून काढले. चर्चच्या बायकांनी पाळ्या लावून लातईला नेलं-आणलं. गणिताच्या प्रत्येक चाचणीचा तास सुटला की तेलेसिया आधी आत्याला फोन करी, मग गुण बघे. एप्रिलअखेर युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. तिसऱ्या वर्षात प्रवेश, पण अट होती, या सत्रात एकही विषय सोडायचा नाही, एकातही नापास व्हायचं नाही. लातईनं ते पत्र भजनाच्या पुस्तकासारखं बोट ठेवून वाचलं. 'अट' या शब्दापाशी तिचं बोट थांबलं, आणि मेअखेरपर्यंत ते तिथंच थांबून होतं म्हणा ना!

तेलेसिया पास झाली. गणितात सगळ्यात वर नाही, पण पास. कॉलेजच्या निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी, टेकडीवरून धुकं उतरत असताना, दारात टॅक्सी थांबली आणि तीतून सेमिसी उतरला.

तो आत आला नाही. बहीण समोरच्या खोलीत होती, तो येणार कसा? पण दाराबाहेर उभा असताना त्याची नजर खाली गेली आणि त्यानं ती ओळखली, आपणच पाठवलेली ती चटई, नऊ महिने लातईच्या पायांखाली झिजून कडा उसवलेली. सेमिसीनं ती उचलली आणि दोरीनं स्वतःच्या कमरेला गुंडाळली. मग त्यानं फुटपाथवरच्या झाडाची पानं तोडली, वेलीसारखी गुंफून गळ्यात घातली. गावी माफी मागणारा अपराधी माणूस जाडीभरडी चटई गुंडाळतो आणि गळ्यात इफी झाडाची पानं घालतो. इथं इफी कुठून आणायचं? आणि तो पायरीखालच्या सिमेंटवर मांडी घालून, मान खाली घालून बसला. पन्नाशीचा, पिकल्या केसांचा मास्तर, उघड्या रस्त्यावर!

कालो खिडकीतून म्हणाली, "आत ये रे बाबा, शेजारचा गोरा पोलिसांना बोलवेल."

लातई खुर्चीतून उठली. तेलेसियानं आधार द्यायला हात पुढं केला तो तिनं बाजूला सारला. सुजलेल्या पायांनी ती दारापर्यंत आली आणि जाळीच्या आड उभी राहिली. कितीतरी वर्षांत भाऊबहीण इतकी जवळ आली नव्हती.

"सेमिसी," ती म्हणाली, "ते पायपुसणं सोड आधी. धुतलेलंसुद्धा नाहीये."

त्यानं मान वर केली नाही. "तू शाळा सोडलीस म्हणून मी कोलिसीत गेलो, ताई. आणि त्याच शब्दावरून मी तुझा मान उतरवला. मला मास्तर म्हणतात... एक शब्द विचारता आला नाही मला!"

"मलाही सांगता आला नाही," लातई म्हणाली. "दोघंही कच्चेच."

तिनं जाळीचं दार उघडलं, वाकली, आणि त्याच्या गळ्यातली पानं स्वतःच्या हातानं काढली. म्हणजे संपलं. आमच्यात त्यानंतर त्या गोष्टीचा उच्चार करत नाहीत.

सेमिसीच्या पेटीत खरी चटई होती, त्यांच्या आईनं विणलेली, रेशमासारखी, वळ्यांत सोन्याची झाक असलेली. ती त्यानं उंबऱ्यापासून लातईच्या खुर्चीपर्यंत अंथरली. लातई तिच्यावर पाय ठेवीना. म्हणाली, उद्या समारंभाला रीतीप्रमाणे तेलेसियाच्या कमरेला बांधा. आणि दुसऱ्या दिवशी टेकडीवर, दोनशे मुलांच्या रांगेत, काळ्या झग्यावर आजीची चटई गुंडाळलेली एकच मुलगी होती. लातईला चाकांच्या खुर्चीतून नेलं होतं. तेलेसियाचं नाव पुकारलं तेव्हा सेमिसी चार रांगा मागून उठून इतक्या मोठ्यानं ओरडला की पुढच्या गोऱ्या बायकांच्या हातातल्या फुग्यांची दोरी सुटली.

तो व्हिसाचे सहा महिने पुरे करूनच परत गेला. आठवड्यातून तीन सकाळी भाऊबहीण एकाच बसनं मशीनला जात. लातई पुढच्या जागेवर, सेमिसी दोन बाकं मागे. वाटेत ती एकमेकांशी बोलत नसत. ती उतरायला उठली की तो आधीच दाराशी उभा असे.

तेलेसिया ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीत गेली. दर रविवारी ती घरी येई आणि आत्या पहिला प्रश्न विचारी, किती युनिट? ती सांगे, पंधरा. आत्या समाधानानं डोळे मिटून घेई, जणू तीन वरचे तिच्याच पदरात पडले.

लातई ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, सोमवारी सकाळी, मशीनवर असताना वारली. तिला आईनं विणलेल्या चटईत गुंडाळून पुरलं. सेमिसी पुन्हा आला आणि सुतकाचे दहा दिवस, आमच्या रीतीप्रमाणे, कमरेला ती दारातली जाडीभरडी चटई बांधून राहिला. तेलेसियानं त्या सत्रात एकही विषय सोडला नाही.